कौल उजवा झाला, पण आत्याचं काय?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

वय 32. गाव वेंगुर्ले तालुक्यात, नोकरी कुडाळला. घरी बाबांजवळच राहतो. आजोबांची कलमांची बाग, थोडी काजूची वरकस जमीन आणि घर. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण वाटप कधी झालं नाही. सातबाऱ्यावर बाबा, मुंबईचे दोन काका आणि आत्या अशी चौघांची नावं होती. चिपीचा विमानतळ झाल्यापासून जमिनीला गिऱ्हाईकं येऊ लागली. गेल्या चतुर्थीला आत्या माहेरी आली. गणपती पोचवून झाल्यावर काका आणि बाबा तिला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेले आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. 'सातबारो सुटसुटीत करूचो आसा' एवढंच तिला सांगितलं. विक्रीचं बोलणं चाललंय हे सांगितलं नाही. एक साडी दिली. आत्या विधवा आहे, मालवणकडे मुलीजवळ राहते. सही घेण्याआधी बाबांनी रवळनाथाला कौल लावला होता, तो उजवा झाला.

मी बाबांना म्हटलं, हा अन्याय आहे. त्यांचं म्हणणं: तिच्या लग्नाला आजोबांनी कर्ज काढलं होतं, बाग इतकी वर्षं आम्ही राखली, आणि तिला तिथे काय कमी आहे? मी ऐकेना, तेव्हा चिडून म्हणाले, 'तू देव मानणस नाय. मगे न्याय-अन्याय तुका कोणी सांगल्यान? तुझ्या मनाक येयत तो न्याय?'

मी गप्प झालो. कॉलेजपासून मी देव मानत नाही हे खरं आहे. वर बघणारा कोणी नसेल, तर 'हे चूक' म्हणणं हे फक्त माझं मत ठरत नाही का? मग बाबांचंही एक मत, माझंही एक मत.

आणि एक. जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मी उभा राहतो. ते ढोंग आहे का?

— एक वाचक

उत्तर

प्रिय मित्रा,

बाबांनी रागात विचारलं असेल, पण प्रश्न खरा आहे, आणि तू तो मनावर घेतलास हे मला आवडलं. अशा वेळी मुलगा देवाच्या नावावर झालेल्या अत्याचारांची यादी काढतो, वडील देवाची भीती उरली नाही म्हणून दुनिया बिघडली असं म्हणतात, आणि जिची सही घेतली ती बाई बाजूलाच राहते. तुझं पत्र आत्यापासून सुरू होतं, म्हणून मलाही तिला मध्ये ठेवूनच उत्तर द्यायचं आहे.

मी देव मानते. रोज संध्याकाळी दिवा लावते आणि सातेरीच्या देवळात गेले की मला बरं वाटतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं लिहिणं देवाविरुद्धचं म्हणून कोणी वाचणार नाही. माझं म्हणणं असं की आत्यावर अन्याय झाला हे सांगायला तुला देव मानायची गरज नाही, आणि बाबा देव मानतात म्हणून त्या अन्यायातून त्यांची सुटका होत नाही.

कौलाचंच घेऊ, कारण तुमच्या घरात देवाचं मत म्हणून जे धरलं गेलं ते तेच. तुझ्या गावची रीत थोडी वेगळी असेल, पण साधारण असं असतं: गुरव पाषाणाला कळ्या किंवा ओले तांदूळ चिकटवतो, मानकरी बाजूला उभे असतात, ज्याचं काम आहे तो हात जोडून मनातलं बोलतो, आणि मग सगळे एकटक बघत राहतात. उजवीकडचं पडलं की माणसं सैल होतात, नारळ पुढे येतो. आता मला सांग, बाबांनी देवाला नेमकं विचारलं काय? 'हाती घेतलेला काम होयत मां?' असंच काहीसं विचारलं असणार. काम होईल का, असं. 'बहिणीक न सांगता तिचो वाटो घेतंव, ह्या बरा की वायट?' असा प्रश्न गुरवासमोर, चार मानकऱ्यांसमोर मोठ्याने विचारायला त्यांची जीभ रेटली असती का? मला नाही वाटत. बाबा वाईट आहेत म्हणून नव्हे. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कळी पडायच्या आधीच माहीत होतं, म्हणून.

आणखी पुढे जाऊ. समजा उद्या गावातल्या कोणी कौल लावला की शेजाऱ्याच्या मांगराला आग घालू का, आणि उजवी कळी पडली. गाव काय म्हणेल? कोणी म्हणेल, कळी नीट लावली नव्हती. कोणी म्हणेल, विचारणाऱ्याचं मन शुद्ध नव्हतं. आणि एखादा म्हातारा हमखास म्हणेल, 'देव असा सांगाचो नाय.' या शेवटच्या वाक्याकडे बघ. देव काय सांगेल आणि काय सांगणार नाही हे त्या म्हाताऱ्याने ठरवलं कशावरून? बरं-वाईट त्याला आधीपासून कळतं आणि त्यावर तो देवाचा शब्दही ताडून पाहतो. आपला देव न्यायी आहे असं आपण म्हणतो तेव्हा न्याय म्हणजे काय याची काहीतरी कल्पना आपल्यापाशी आधीच असावी लागते, नाहीतर त्या स्तुतीला काही अर्थच उरत नाही.

हा पेच फार जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने एक संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटिसाला अथेन्सच्या न्यायालयाबाहेर युथिफ्रो नावाचा एक धर्मज्ञ भेटतो. तो चालला आहे स्वतःच्या वडिलांवर खटला भरायला. वडिलांनी एका मजुराला, त्याच्या हातून खून झाला म्हणून, हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि आता याचं काय करायचं हे धर्माधिकाऱ्यांना विचारायला माणूस पाठवला. निरोप येईपर्यंत मजूर भुकेने आणि थंडीने मेला. देवाधर्माच्या जाणकारांचा निरोप येईस्तोवर खड्ड्यातल्या माणसाकडे कोणी बघितलं नाही. ही गोष्ट वाचताना मला तुझी आत्या आठवली. सॉक्रेटिस त्या युथिफ्रोला विचारतो, एखादी गोष्ट चांगली असते म्हणून ती देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून चांगली ठरते? पहिलं खरं असेल तर चांगुलपणाचं कारण देवाच्या आवडीत नाही, आणखी कुठेतरी आहे. दुसरं खरं असेल तर देवाला उद्या फसवणूक आवडली तर ती चांगली म्हणावी लागेल. युथिफ्रोला उत्तर देता येत नाही, काम आहे म्हणून तो निघून जातो. नंतरच्या धर्मचिंतकांनी यावर बरंच लिहिलं. त्यातलं मला सगळ्यात पटतं ते असं, की चांगुलपण हा देवाचा स्वभावच आहे. पण तो स्वभाव चांगला आहे हे ओळखायलाही आपल्याला बरं-वाईट कळावं लागतंच.

हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं बाबा म्हणाले, तर त्यांना आपल्याकडचंच सांग. वेदाला प्रमाण मानणारे, यज्ञाचा कीस काढणारे पूर्वमीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नसत. कुमारिल भट्टांनी तर त्याच्या विरोधात युक्तिवाद केले. कर्म केलं की त्याचं फळ 'अपूर्व' नावाच्या शक्तीतून येतं, ते वाटायला कोणी लागत नाही असं ते म्हणत. त्यांच्याइतका धर्माचा आग्रह कोणी धरला नसेल. जैन आणि बौद्ध सृष्टिकर्ता मानत नाहीत, पण अहिंसेची आणि सत्याची शिस्त त्यांनी किती कडक लावली! आपल्याच किनाऱ्यावर कुड्याची लेणी आहेत, महाडजवळ गांधारपाल्याची आहेत. तिथे राहणारे भिक्खू जगनियंता न मानता शील पाळत होते. तेव्हा देव नाही तर नीती नाही, हे या मातीला कधी मान्य नव्हतं.

आता तुझा खरा अडकलेला धागा. वर कोणी नसेल तर मग माझं फक्त एक मत उरतं, असं तू लिहितोस.

मत आणि मत यात फरक असतो. तुला बांगडा आवडतो, मला सौंदाळे आवडतात, इथे वाद संपतो. तू मला कारण विचारणार नाहीस आणि मी दिलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही. पण तू बाबांना 'हा अन्याय आहे' म्हणालास तेव्हा बाबांनी काय केलं ते आठव. त्यांनी कारणं दिली. लग्नाचा खर्च, बागेची राखण, तिला कमी नसणं. देवाने सांगितलं म्हणून, असं ते पहिल्यांदा म्हणालेच नाहीत. कारणं पुरेनात तेव्हा देव मध्ये आला. म्हणजे बाबांनाही ठाऊक आहे की ही आवडीनिवडीची गोष्ट नाही, इथे जाब द्यावा लागतो. आणि जिथे जाब देता येतो तिथे तो जाब खरा की खोटा, पुरा की अपुरा, हेही बघता येतं.

मग बघू या. लग्नाला कर्ज काढलं. बरोबर. पण काकांच्या मुंबईतल्या शिक्षणाला, खोलीला घरातूनच पैसा गेला असेल ना? तो वाट्यातून वजा केला का? मुलीवरचा खर्च तेवढा हिशोबात आणि मुलावरचा मायेत, असं करायचं तर त्याला काहीतरी कारण हवं, आणि 'ती मुलगी होती' याखेरीज दुसरं कारण मला तरी दिसत नाही. दुसरं म्हणजे बाग राखणं. हे कारण हलकं नाही, आणि इथे मी बाबांच्या बाजूने आहे. कलमांना आळी करायची, खत घालायचं, मोहराला तुडतुडा लागला की फवारण्या करायच्या, वानरांमागे धावायचं, आंबा उतरवायला माणसं मिळवायची. ज्याने हे वर्षानुवर्षं केलं त्याच्या कष्टाची किंमत झाली पाहिजे. वाटणीत त्यांना घराजवळचा चांगला तुकडा मिळावा, झालेला खर्च आधी काढून घ्यावा, हे मागणं रास्त आहे. पण ते आत्याशी बोलून मागायचं असतं. बहिणीला अंधारात ठेवून सही घेण्याचं समर्थन त्या कष्टांतून निघत नाही. आणि हे कारण मुंबईच्या काकांना तर लागूच नाही. 'तिला काय कमी आहे' हे तिसरं. जे जिचं आहे ते तिला गरज नाही म्हणून काढून घेता येतं हा नियम बाबा स्वतःच्या बाबतीत मान्य करतील का, एवढं विचार.

बघ, या सगळ्यात आपण देवाला एकदाही बोलावलं नाही, आणि तरी कुठलं कारण टिकतं नि कुठलं पडतं हे कळलं. अमेरिकेतले तत्त्वचिंतक जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये एक कसोटी मांडली. आपण कोण म्हणून जन्माला येणार हे माहीत नसताना समाजाचे नियम ठरवायचे झाले, तर आपण कोणते नियम मान्य करू? ते बोलत होते अख्ख्या समाजाच्या घडीबद्दल, पण घरालाही ती कसोटी लावता येते. या घरात मी भाऊ म्हणून येईन की बहीण म्हणून हे ठाऊक नसतं, तर चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणीला न सांगता सही घेण्याची रीत बाबांनी मान्य केली असती का? या प्रश्नाला आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही तेच उत्तर द्यावं लागतं.

अन्यायाचं मूळ मला आत्यामध्ये दिसतं. तिला दुखतं, तिला कळतं, तिला स्वतःबद्दल ठरवता येतं. तिला न सांगता तिच्याबद्दल ठरवलं, तिच्या मायेचा वापर तिच्याच विरुद्ध केला, हे चूक असण्याचं पुरेसं कारण तिथेच आहे. तू म्हणशील, पण मी तिची पर्वा का करावी याला पुरावा काय? त्याला देवही पुरावा देत नाही रे. देव शिक्षा करील म्हणून मी फसवणार नाही, हे शहाणपण झालं, त्यात आत्या कुठेच नाही. देवावरच्या प्रेमापोटी म्हटलंस, तर ते मी समजू शकते. पण तिथेही माणसाबद्दल आधी काहीतरी वाटावं लागतं.

आपली राज्यघटना लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न अगदी उघडपणे आला होता. 17 ऑक्टोबर 1949 रोजी एच. व्ही. कामत यांनी संविधान सभेत सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. मतदान झालं, बाजूने 41 आणि विरोधात 68. त्या सभागृहात देव मानणाऱ्यांची वाण नव्हती. पण पंडित कुंझरूंसारख्यांचं म्हणणं होतं की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर सामुदायिक सक्ती नको. म्हणून न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे 'आम्ही भारताचे लोक' यांच्या नावाने आलं. आजही साक्षीदाराला कोर्टात दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराची शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. दोन्ही साक्षींचं वजन सारखं, आणि खोटं बोललं तर गुन्हाही सारखाच.

मुलींच्या वाट्याचंच बघ. 1956 च्या कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात वारसा मिळाला, पण वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने 1994 मध्ये ते बदललं, पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 मध्ये देशभर दुरुस्ती झाली, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानेच आहे, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत. रवळनाथ 1956 मध्ये होता तोच आज आहे. बदललं ते माणसांनी एकमेकांना दिलेल्या कारणांमुळे. डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागे हिंदू कोड बिल अडवलं गेल्याचं मोठं कारण होतं. किती बायकांचं आयुष्य त्या वाट पाहण्यात गेलं असेल.

आता दापोली तालुक्यात चल. मुरूडच्या कर्व्यांनी, म्हणजे धोंडो केशवांनी, 1893 मध्ये एका विधवेशी लग्न केलं, आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. टाकणारी माणसं देव मानणारी, सोवळंओवळं पाळणारी होती, आणि आपण धर्माने वागतोय असंच त्यांना वाटत होतं. त्याच मुरूडात जन्मलेला त्यांचा मुलगा रघुनाथ उघड नास्तिक. त्याने 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून मरेपर्यंत मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, प्राध्यापकाची नोकरी गेली, पण बाईच्या शरीरावर तिचा हक्क आहे या म्हणण्यावरून तो हलला नाही. वरून कोणी शाबासकी देईल अशी आशा त्याला नव्हती, खालचे लोक तर शिव्याच देत होते. आणि याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. ते पुरते भक्त. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना उघडं व्हावं म्हणून त्यांनी मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण केलं. एक देव नाकारणारा, दुसरा त्याच्यासाठी रडणारा, आणि दोघांचंही लक्ष दाराबाहेर ठेवलेल्या माणसाकडे. उलट, महाडला मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी माणसांनी ओंजळीने प्यालं म्हणून ज्यांनी गोमूत्र-शेणाच्या 108 घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' केलं, त्यांच्या श्रद्धेत काही खोट होती असं मला वाटत नाही. श्रद्धा होती. त्या तळ्यावर न्याय मात्र कागदोपत्री 1937 मध्ये उच्च न्यायालयातून आला, कारण पूर्वापार रूढीचा दावा सिद्ध झाला नाही.

पण तुला मी एकांगी चित्र देणार नाही. देव गेला की काही गोष्टी खरंच जातात, आणि त्या लहान नाहीत.

आपल्याकडे ज्या गरिबाला वकील परवडत नव्हता, त्याला देवळाची पायरी होती. 'पायरीवर हात ठेवून सांग' म्हटलं की भलेभले खोटं बोलताना अडखळायचे. कोकणातल्या देवराया कुठल्या वनखात्याच्या आधी देवाच्या धाकाने टिकल्या. तिथली सुकी काटकीही लोक उचलत नसत. तिरफळाचं, सातविणाचं, अजस्र वेलींचं ते रान नुसत्या युक्तिवादाने टिकलं असतं का? मला शंका आहे. अर्थात त्याच देवराईतली झाडं नवीन सिमेंटचं देऊळ बांधायला कौल घेऊन तोडलेलीही आपण पाहिली आहेत, तेव्हा धाकाचाही भरवसा किती धरायचा ते दिसतंच. तरी कोणी बघत नसताना बघणारा एक साक्षी, हा माणसाला मोठा आधार असतो. तो तुझ्याकडे नाही. तुला स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी लागेल, आणि माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेवटचा हिशोब. मी मनात म्हणू शकते की आत्याला इथे नाही मिळालं तर देवाच्या दारी मिळेल. तू असं म्हणू शकत नाहीस. आत्या या जगातून रिकाम्या हाताने गेली, तर तुझ्या मते ते कायमचं तसंच राहणार, कोणीही ते भरून काढणार नाही. हे फार जड आहे. माझ्या ओळखीच्या काही चांगल्या नास्तिक माणसांना मी याच्या खाली वाकलेलं पाहिलंय. पण याचा अर्थ तुझा न्याय पोकळ आहे असा होत नाही, तुला घाई आहे असा होतो. 'देव बघून घेईल' हे वाक्य तुझ्यासाठी नाही. आत्या हयात आहे, तेवढीच मुदत आहे तुला.

म्हणून आता कामाचं बोलू.

सगळ्यात आधी तुझ्या स्वतःच्या वाट्याचं. बाबांच्या हिश्शातून उद्या तुझ्याकडे येणार, म्हणजे आत्याच्या सहीचा फायदा तुलाही आहे. बाबांशी वाद घालण्याआधी त्यांना सांग, की आत्याचं जे आपल्याकडे आलं त्यातला माझ्यापुरता भाग मी घेणार नाही, तो तिला परत जायला हवा. हे बोलताना तुझा आवाज कापला तरी चालेल. तुला न्याय-अन्याय कोणी शिकवला याचं बाबांना पटेल असं उत्तर मला यापेक्षा दुसरं सुचत नाही.

मग मालवणला जा. फोनवर नको. आत्याला खरं सांग: कागदात काय लिहिलं आहे, जमीन विकायचं चाललं आहे, आणि वाटप झालेलं नसेल तर तिचा वाटा भावांइतकाच होता. कागद वाचून दाखव. आणि तिथे थांब. खटला कर असं सांगू नकोस, करू नको असंही नको. कदाचित ती म्हणेल, 'असांदे रे, माझा म्हायार तुटाक नको.' आपल्या किती आत्या-मावश्यांनी हेच म्हणत सह्या केल्या आहेत! तसं म्हणाली तर तिच्या मुलीसमोर, भावांपैकी कोणी नसताना, आणखी एकदा विचार. तरी ती तेच म्हणाली तर तिचा शब्द मान. माहिती असून सोडणं हा तिचा हक्क आहे, तो तू काढून घेऊ नकोस. आत्तापर्यंत तिला तेवढंही मिळालेलं नाही.

तिला हक्क हवा असेल तर वेळ घालवू नका. तलाठ्याकडे फेरफार नोंद प्रमाणित झाली आहे का ते बघा. नोटीस निघाल्यापासून हरकतीला 15 दिवस असतात. नोंद झालीच असेल तरी फसवून घेतलेला दस्त दिवाणी न्यायालयात रद्द करून मागता येतो, आणि त्याची मुदत खरी गोष्ट कळल्यापासून 3 वर्षं असते. वकिलाच्या फीची काळजी नको. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, आणि तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते. जुना सातबारा, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि हक्कसोडपत्राची प्रत सोबत न्या. मी वकील नाही, तेव्हा कागद बघून ते सांगतील ते धरा.

पण कोर्टाच्या आधी बाबांना एक संधी दे. विक्री व्हायच्या आत चौघं भावंडं एकत्र बसावीत, बाबांचे कष्ट आणि खर्च आधी काढावेत, आणि राहिलेल्याचे चार भाग व्हावेत. बाबांना देवाचा एवढा आधार वाटतो तर बसू देत देवळातच. जे कार्यालयात लपवलं ते रवळनाथासमोर आत्याच्या तोंडावर सांगता येतं का, ते त्यांनी स्वतः बघावं. मला वाटतं, त्यांना सांगता येणार नाही, आणि त्यांची श्रद्धा तेव्हा तुझ्या बाजूने उभी राहील.

राहिला गाऱ्हाण्याचा प्रश्न. उभा राहा. मानकरी म्हणतो, 'बा देवा म्हाराजा, जा काय चुकला-माकला असात ता माफ कर, मुंबैक गेलेल्या लेकरांचा बरा कर, वाकड्या वाटेन जायत तेका सरळ वाटेर हाड', आणि सगळा गाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा.' यात तुला न पटणारं काय आहे, तो 'म्हाराजा' सोडला तर? गावाने गावासाठी बरं चिंतलं आणि तू त्यात उभा राहिलास, याला मी ढोंग म्हणणार नाही. 'व्हय' म्हणवत नसेल तर गप्प उभा राहा, कोणी मोजत नाही. ढोंग होईल ते एकाच वेळी: तू देवळात लोकांमध्ये उभा राहिलास आणि आत्याचं प्रकरण घरातलं म्हणून गिळून टाकलंस तर. जत्रा अजून लांब असेल. मालवणला या रविवारीच जा.

तुझी,
ताई